दोन गिटारी आणि माझी एक चूक

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

विषय गिटारचा आहे. पण ज्यांनी गिटार कधी हातात धरली नाही त्यांनीही वाचा, कारण आपल्या बऱ्याच घरांत आजोबांची पेटी, काकांचा तबला, आत्याची सतार असं काहीतरी माळ्यावर नाहीतर भिंतीवर असतंच. घरातलं पोरगं "मला शिकायचंय" म्हणालं की आपण पटकन काय म्हणतो? "घरात आहे ना! नवीन कशाला?" मीही हेच म्हणाले होते, 2003 साली. त्याची ही हकीकत, आणि त्यावरून माझं जे मत झालंय ते.

आधी गाव सांगते. आमचं तुकईथड. बाहेरच्यांना हे नाव माहीत असलंच तर खंडवा–अकोला मीटर गेजवरचं स्टेशन म्हणून. खंडव्याकडून आलात की आधी आमुल्ला खुर्द, मग आम्ही, मग डाबका, आणि पुढे धूळघाट, जिथं गाडी मोठा वळसा घेऊन आपल्याच रुळांच्या वरून जायची. आम्ही लहानपणी त्या वळणावर खिडकीतून डोकं काढून शेवटचा डबा शोधायचो. 15 ऑगस्ट 2003ला बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही खंडवा जिल्ह्यातले, पूर्व निमाडातले. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात निमाडी आणि कोरकू. असं सगळं कानावर पडत मोठे झालो.

माझे धाकटे काका, अण्णाकाका, रेल्वेत कारकून होते. लग्न केलं नाही. त्यांची एकच हौस, गिटार. आता तुकईथडसारख्या गावात 1968 साली गिटार आली कुठून? तर कलकत्त्याहून. काकांची ओळख खंडव्याच्या एका बंगाली रेल्वेबाबूंशी झाली होती. खंडव्यात बंगाली माणसं जुनीच. किशोरकुमारांचे वडील कुंजलाल गांगुली तिथं वकिली करायचे हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तर त्या बाबूंनी सुट्टीला गेल्यावर लालबाजारच्या वाद्यांच्या दुकानांतून एक गिटार घेतली आणि अलाहाबादमार्गे येणाऱ्या मुंबई मेलनं खंडव्याला आणली. तिथून ती आमच्या छोट्या गाडीनं तुकईथडला उतरली. मी तेव्हा सात वर्षांची. गोणपाटात गुंडाळलेली ती वस्तू बघून आजी म्हणाली होती, "एवढी मोठी दुधी कोणी दिली?"

काका ती गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालायचे आणि डाव्या हातात एक चकचकीत पोलादी दांडा धरून तो तारांवरून सरकवायचे. आम्हाला वाटायचं, गिटार अशीच वाजवतात. बाजावर बसून रात्री ते रेडिओवर ऐकलेली सिनेमाची गाणी वाजवत, गीतरामायणातल्या चाली वाजवत. शब्द नसले तरी गाणं ओळखू यायचं, कारण तार माणसाच्या गळ्यासारखी एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायची. मीनाक्षी एक्सप्रेस धडधडत आली की काका थांबायचे, आणि ती गेली की जिथं सोडलं तिथूनच पुढं सुरू करायचे.

1989 साली काका गेले. गिटार नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुसून खोळीत घालून भिंतीवर टांगली. माझं लग्न होऊन मी बऱ्हाणपूरला आले होते. 2003 साली माझा मुलगा तेरा वर्षांचा होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोणीतरी गिटार वाजवली, आणि याला वेड लागलं. मी केवढ्या अभिमानानं तुकईथडहून काकांची गिटार आणली! नव्या तारा चढवल्या, गावातल्या एका क्लासला त्याचं नाव घातलं. काकांचा वारसा पुढे चालणार म्हणून मी नातेवाईकांना पत्रंही लिहिली.

पोरगा सहा महिने गेला. बोटांची टोकं फुटायची, तो रात्री कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायचा. "आई, दुखतं गं, तारा दबतच नाहीत." मी म्हणायचे, "काकांना दबायच्या, तुला का नाही दबत? चिकाटी लागते." क्लासमध्ये पंधरा-सोळा मुलं असायची, सर म्हणायचे, बोटं घट्ट झाली की होईल. त्यांनाही मी दोष देत नाही. सहा महिन्यांनी यानं गिटार खोळीत घातली आणि म्हणाला, "मला जमत नाही. माझ्यात संगीत नाहीच." मीही तेच धरून चालले. पुढं कित्येक वर्षं घरात चेष्टा व्हायची, "याची गिटार सहा महिन्यांची!" मीही हसायचे.

आता या मे महिन्यात या. माझ्या मुलीचा मुलगा, चौदा वर्षांचा, पुण्याहून सुट्टीला आला. सोबत त्याची गिटार, यामाहाची एफ310. आम्ही दोन दिवस तुकईथडला दादाकडे गेलो. नातवानं भिंतीवरची खोळ पाहिली आणि म्हणाला, "आजी, ही काढू?" दादा म्हणाला, "काढ, पण तिच्यात दम नाही राहिला. तिच्यानं काहून बोटं फोडून घेतो?"

ओसरीवर दोन्ही गिटारी शेजारी ठेवल्या. मला वाद्यातलं फार कळत नाही, पण कान आहेत आणि हात आहेत. आधी मी दोन्ही नुसत्या उचलून पाहिल्या. नवी हलकी. तिचा गळा सडपातळ, माझ्या लहान हातातसुद्धा अंगठा वरून सहज येतो. वरची फळी स्प्रूसची, फिकट पिवळी, गुळगुळीत. काकांची जड. गळा जाडजूड, धरला तर पळीचा दांडा धरल्यासारखा. प्लायवुडचं अंग, पॉलिश जागोजागी उडालेलं, आणि घोडीच्या मागं वरची फळी किंचित फुगलेली. पन्नास-पंचावन्न पावसाळे आणि निमाडचे उन्हाळे खाल्लेत तिनं. एप्रिल-मेत आपल्याकडे पारा 42-43च्या वर जातो, ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते. लाकूड सुकतं आणि फुगतं, तारा त्याला सतत ओढत असतात. वाद्य म्हातारं होतं म्हणजे एवढंच होतं.

मग नातवानं दोन्हीवर एकच गोष्ट वाजवली, साधी सहा तारांची छेड. नवीचा आवाज स्वच्छ. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, वरच्या तारा काचेच्या बांगड्यांसारख्या किणकिणतात, आणि हात थांबला तरी नाद थोडा वेळ हवेत राहतो. जुनीचा आवाज बसका, मधल्या पट्टीतला. सहा तारा मिळून एकच गोळा. खरं सांगू, डब्यात खडे हलवल्यासारखा. दादा हसला. "बघ, म्हटलं होतं ना?" मलाही वाईट वाटलं. माझ्या आठवणीतला आवाज असा नव्हता.

पण नातू तारांकडे बघत होता. त्यानं दप्तरातून पट्टी काढली. बाराव्या पडद्याशी त्याच्या गिटारची तार पडद्यापासून अडीच मिलिमीटरवर. काकांच्या गिटारची तार जवळजवळ एक सेंटिमीटरवर! मग तो गळ्याच्या टोकाशी गेला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात. तिथं हाडाची बारीक पट्टी असते, तिला नट म्हणतात. त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजी, हे बघ. नटवर दुसरी लोखंडी पट्टी चढवलीय. ही काढता येते. ही गिटार दाबून वाजवायची नाहीच आहे. ही हवाईयन आहे."

मंडळी, माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला माहीत होतं ना! काका हवाईयन वाजवतात हे लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. मांडीवर आडवी गिटार, हातात दांडा, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माझ्या लेखी गिटार म्हणजे गिटार. हवाईयनमध्ये तारा मुद्दाम उंच ठेवतात, म्हणजे पोलादी दांडा सरकवताना पडद्यांना लागू नये. बोट तार खाली दाबतच नाही, पडदे फक्त जागा कळायला. आणि मी तीच गिटार तेरा वर्षांच्या पोराच्या छातीशी उभी देऊन म्हणत होते, दाब!

नातवानं तारा ढिल्या केल्या, ती लोखंडी पट्टी सरकवून काढली, तारा परत चढवल्या. पाच मिनिटं लागली. पुन्हा मोजलं. बाराव्या पडद्याशी अजूनही साडेसहा मिलिमीटर, कारण गळाही वर्षांनुवर्षांच्या ओढीनं वाकलाय. पण पहिल्या तीन पडद्यांशी तारा पुष्कळ खाली आल्या होत्या. आणि नवशिक्याचं पहिलं वर्ष बहुतेक त्या पहिल्या तीन पडद्यांतच जातं. नातवानं एक-दोन कॉर्ड धरून दाखवल्या. "कठीण आहे, पण जमतंय." पाच मिनिटांचं काम. 2003 साली कोणी केलं असतं तर!

तेवढ्यात वहिनी आतून आल्या. त्या सगळं ऐकत होत्या. "ताई, तो दांडा म्हणता तो हा तर नव्हे?" हातात बोटाएवढा जाड, तीन-साडेतीन इंचांचा पोलादी तुकडा. "सासूबाई यानं वेलदोडे कुटायच्या. मीही तीस वर्षं त्यानंच कुटते. इतका गुळगुळीत बत्ता कुठं मिळत नाही." आम्ही पोट धरधरून हसलो. मग तो धुतला, पुसला. तरी वास वेलदोड्याचाच.

नातवानं लोखंडी पट्टी परत बसवली, मोबाईलवर बघून तारा मोकळ्या सोडल्या तरी एक कॉर्ड वाजेल अशा लावल्या, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि दांडा हळूच सरकवला. पोराला त्यातलं काही येत नव्हतं. सूर बेसूर होत होता. तरीसुद्धा तो पहिला घसरता स्वर आला आणि दादानं मान खाली घातली. तोच आवाज होता. जो बसका, गोळा वाटत होता, तोच आता एका तारेवर जाड, भरलेला, बोलल्यासारखा वाटत होता. मग आम्ही उलटीही परीक्षा घेतली. तोच दांडा नव्या गिटारवर फिरवला. तिच्या तारा खाली, त्यामुळे दांडा पडद्यांवर कडकड आपटला, स्वर लागेच ना. आता कोणी म्हणावं की नवी वाईट आहे?

घरी आल्यावर मी याबद्दल थोडं वाचलं. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या मुलानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही पद्धत रूढ केली असं मानतात. टाऊ मो नावाचे हवाईचे वादक 1940च्या दशकात कलकत्त्यात राहून गेले, आणि तिथून हे वाद्य आपल्याकडे घरोघरी गेलं. आपल्या लोकांना ते का आवडलं हे समजायला पंडित व्हायला नको. दांड्यानं मींड घेता येते. आपलं गाणं मींडेवर जगतं. व्हॅन शिपलींच्या गिटारच्या रेकॉर्डी, त्यांच्याबरोबर पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचा अकॉर्डियन, हे आपल्यातल्या साठीच्या लोकांना आठवत असेल. 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये ब्रिजभूषण काबरांनी संतूर आणि बासरीच्या जोडीला हीच मांडीवरची गिटार वाजवली. विश्वमोहन भट्टांना 1994 साली ग्रॅमी मिळालं, त्यांच्या मोहनवीणेचं मूळही हेच.

मग हे वाद्य घराघरांतून गेलं कुठं? माझा अंदाज असा की सिनेमात कॉर्डवाली, तालाला धरून वाजणारी स्पॅनिश गिटार आली. 'यादों की बारात' (1973) मधलं आशाबाईंचं ते प्रसिद्ध गाणं आठवा, ज्याच्या सुरुवातीला ग्लासचा आवाज आहे आणि ज्यात भूपिंदरसिंगांची गिटार आहे. पोरांना तसं वाजवायचं होतं, गात गात, मित्रांत बसून. त्यात गैर काही नाही. माझ्या मुलालाही तेच हवं होतं. मी त्याच्या हातात दुसऱ्याच कामाचं वाद्य दिलं.

आता माझं मत. काहींना आवडणार नाही, तरी लिहिते.

पहिलं, दोन वाद्यांत चांगलं कुठलं हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी चांगलं, हे आधी विचारा. आम्ही काकांच्या गिटारला वीस वर्षं "दम नसलेली" म्हणत होतो आणि पोराला "चिकाटी नसलेला". दोघांवरही खोटा आळ होता.

दुसरं, शिकणाऱ्याच्या बाबतीत आवाजाआधी हात बघा. दुकानात आपण आवाज ऐकून भुलतो. पण नवशिक्याला आवाज नंतर लागतो, आधी तार दबली पाहिजे. बाराव्या पडद्याशी दोन-तीन मिलिमीटर अंतर असेल तर बोटं टिकतात. हे मोजायला शाळेची पट्टी पुरते. तारा बारीक घेता येतात, घोडीवरची पट्टी घासून कमी करता येते. चांगल्या कारागिराला हे काम रोजचं आहे.

तिसरं, आणि हेच मला जास्त सांगायचंय. वारसा मुलाच्या हातात कोंबू नका. आपल्याला वाटतं की पूर्वजांचं वाद्य दिलं म्हणजे आशीर्वाद दिला. मुलाला ते ओझं होतं. त्याला सोडायचीही चोरी, कारण सोडलं की काकांचा अपमान. माझ्या मुलानं सोडली तेव्हा तो फक्त गिटार नाही सोडत होता, त्याला वाटलं तो घराण्याला कमी पडला. मी त्याला तसं वाटू दिलं.

मला माहीत आहे, कोणी म्हणेल, "अहो, पूर्वीची मुलं कशावरही शिकायची. आमच्या वेळी फुटकी पेटीसुद्धा मिळत नव्हती." खरं आहे. पैशाची ओढ सगळ्यांकडे होती, आमच्याकडेही होती, नवी गिटार 2003 साली आम्हाला जड गेलीच असती. पण जी मुलं कशावरही शिकली त्यांचीच नावं आपल्याला माहीत आहेत. जी त्या फुटक्या पेटीपाशी थांबली, ती आज कुठं तरी "माझ्यात संगीत नाही" म्हणत बसली असतील. त्यांची मोजदाद कोणी केली?

तुकईथडहून परत आल्यावर मी मुलाला फोन केला. तो बंगलोरला असतो, आता पस्तिशीचा आहे. सगळं सांगितलं, लोखंडी पट्टी, मोजमाप, वेलदोडे. म्हटलं, "बाळा, तुझी चूक नव्हती रे. गिटारचीही नव्हती. माझं चुकलं." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, मला वाटायचं माझी बोटंच वेगळी आहेत." आणि विषय बदलून त्यानं पाण्याच्या टाकीचं काम झालं का विचारलं. मी त्याला पुन्हा शिक असं म्हणाले नाही. आता म्हणायचा मला हक्क नाही. शिकला तर आनंद, नाही शिकला तरी ते सहा महिन्यांवरचं हसणं आमच्या घरात बंद झालंय.

काकांची गिटार दादाकडेच आहे, नटवरच्या लोखंडी पट्टीसकट. 2017च्या सुरुवातीला आमची मीटर गेज बंद पडली, त्यामुळे ओसरीवर कोणी वाजवायला बसलं तर मध्ये थांबायचं कारण उरलेलं नाही. वहिनींनी दांडा खोळीच्या खिशात ठेवलाय आणि वेलदोड्यांसाठी बऱ्हाणपुराहून नवा खलबत्ता मागवलाय, तो मी येत्या रविवारी घेऊन जाणार आहे.

तुमच्याही घरी असं एखादं वाद्य असेल तर आज काढून बघा. ते कसं धरायचे, कशानं वाजवायचे, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या, आणि इथं लिहा. आणि कोणाच्या आईच्या डब्यात वेलदोडे कुटायला चकचकीत पोलादी तुकडा असेल, तर तो कुठून आला हेही विचारा.